कँडिडेट्स कोण जिंकणार? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये बहुतेकांनी एकच विषय काढला आहे: बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धेत विजेता कोण होणार हे आधी सांगता येतं का, आणि येत असेल तर कसं. उत्तरांत उदाहरणं विखुरली जाऊ नयेत म्हणून शक्य तिथे एकच स्पर्धा धरली आहे, एप्रिल २०२४ची टोरांटोची कँडिडेट्स. कँडिडेट्स म्हणजे विश्वविजेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणारी स्पर्धा. आठ खेळाडू, प्रत्येकाशी दोन डाव, एकदा पांढरी मोहरी आणि एकदा काळी. १४ फेऱ्या, एकूण ५६ डाव. खेळाडू, कंसात सुरुवातीचं रेटिंग, म्हणजे खेळाडूचं बळ दाखवणारा आकडा, आणि शेवटचे गुण असे: कारुआना (२८०३, साडेआठ), नाकामुरा (२७८९, साडेआठ), फिरुझा (२७६०, ५), नेपोम्नियाशी (२७५८, साडेआठ), प्रज्ञानंद (२७४७, ७), गुकेश (२७४३, ९), विदित गुजराथी (२७२७, ६), अबासोव (२६३२, साडेतीन). वाचताना ही यादी हाताशी ठेवा.

प्रश्न (नाशिक): आमच्या कट्ट्यावर स्पर्धेआधी प्रत्येक जण विजेत्याचं नाव चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकतो. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर सगळ्यात जास्त रेटिंग असलेल्याचंच नाव असतं. हे बरोबर आहे का?

एकच नाव लिहायची सक्ती असेल तर तेच लिहावं. दुसरं कुठलंही नाव त्याहून बरं नसतं. पण ते नाव ‘बहुधा जिंकेल’ असं समजू नका.

२०१३ ते २०२४ या काळात दुहेरी साखळी पद्धतीच्या सात कँडिडेट्स झाल्या. सुरुवातीला रेटिंगमध्ये पहिला असलेला खेळाडू त्यांतली एकच जिंकला: २०१३, लंडन, कार्लसन, रेटिंग २८७२. तीही कशी? शेवटच्या फेरीत तो स्विडलरकडून हरला, बरोबरीने पुढे असलेला क्रामनिक इव्हान्चुककडून हरला, दोघांचे साडेआठ-साडेआठ झाले आणि जास्त डाव जिंकल्याच्या निकषावर कार्लसन पुढे गेला. २०१४ला खांती-मान्सिस्कमध्ये अरोनियन २८३०वर होता, जिंकला २७७०चा आनंद. २०१६ला मॉस्कोत २७६०चा कारियाकिन. २०१८ला बर्लिनमध्ये ममेद्यारोव २८०९ घेऊन आला आणि २७८४चा कारुआना जिंकला. २०२०-२१ला कारुआना स्वतः २८४२वर होता, तेव्हा २७७४चा नेपोम्नियाशी. २०२२ला माद्रिदमध्ये डिंग २८०६, पुन्हा जिंकला २७६६चा नेपोम्नियाशी, तोही एकही डाव न हरता. आणि २०२४ला गुकेश.

सातांत एक म्हणजे रेटिंग कुचकामी, असा निष्कर्ष मात्र काढू नका. अशा स्पर्धेत पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूची संधी ढोबळपणे तिनात एक असते. तिनात एक संधी सात वेळा मिळूनही एकदाच किंवा एकदाही यश न येण्याची शक्यता २६ टक्के आहे. नवल वाटावं असं त्यात काही नाही. या यादीतली खरी कामाची गोष्ट वेगळी आहे: उरलेले सहाही विजेते अव्वल रेटिंगपासून २५ ते ६८ गुणांच्या आतच होते. शंभर गुण खालून येऊन कुणी जिंकलेलं नाही. म्हणजे रेटिंग विजेता सांगत नाही, पण कोणाला वगळायचं ते चांगलं सांगतं.

प्रश्न (पुणे): रेटिंगच्या फरकावरून अपेक्षित गुण काढतात असं वाचलं. हाताने करायची रीत सांगाल का?

दोघांच्या रेटिंगमधला फरक घ्या, प्रतिस्पर्ध्याचं वजा आपलं. त्याला ४००ने भागा. जो आकडा येईल तितका १०चा घात काढा, त्यात १ मिळवा, आणि १ला त्या बेरजेने भागा. हा एका डावातला अपेक्षित गुण. रोजच्या वापरासाठी एवढे आकडे पाठ असले की पुरे: फरक ० असेल तर ०.५०, २० गुणांना ०.५३, ५०ला ०.५७, १००ला ०.६४, २००ला ०.७६.

आता कारुआनाचं गणित. नाकामुराशी ०.५२, फिरुझाशी ०.५६, नेपोम्नियाशीशी ०.५६, प्रज्ञानंदशी ०.५८, गुकेशशी ०.५९, विदितशी ०.६१, अबासोवशी ०.७३. बेरीज साधारण ४.१५. प्रत्येकाशी दोन डाव, म्हणून दुप्पट: ८.३. प्रत्यक्षात मिळाले साडेआठ. पट्टी लावून मोजल्यासारखं. प्रज्ञानंदची अपेक्षा ७.०४ येते आणि त्याला बरोबर ७ मिळाले. मग गणित चुकलं कुठे? गुकेशची अपेक्षा ६.९५ होती, मिळाले ९. फिरुझाची ७.३ होती, मिळाले ५.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. अपेक्षित गुण म्हणजे सरासरी. तिच्याभोवती पसारा किती, हे वेगळं काढावं लागतं. या पातळीवर सुमारे ६० टक्के डाव बरोबरीत सुटतात असं धरलं, तर १४ डावांच्या एकूण गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे या पसाऱ्याचं माप, सुमारे १.२ गुण येतं. म्हणजे ७ची अपेक्षा असलेला खेळाडू ५.८ ते ८.२च्या दरम्यान कुठेही सापडला तर काही विशेष घडलं असं म्हणायचं कारण नाही. तीन स्पर्धांपैकी दोनदा तो या पट्ट्यात असेल आणि एकदा बाहेर. गुकेश दोन गुण वर गेला. विरळा खरं, पण अशक्य कोटीतलं नाही. आणि आठ जणांपैकी कोणी तरी एक जण पसाऱ्याच्या वरच्या टोकाला जाणारच असतो. भाकीत करताना म्हणूनच दोन प्रश्न वेगळे ठेवा: याला किती गुण मिळतील, आणि हा पहिला येईल का. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी देता येतं. दुसऱ्याचं फक्त टक्क्यांत.

तुमची बेरीज बरोबर आहे का हे तपासायची एक सोपी खूण: आठही जणांचे अपेक्षित गुण मिळवले की ५६ आलेच पाहिजेत. नाही आले, तर कुठे तरी वजाबाकीचं चिन्ह उलटं पडलंय.

प्रश्न (ठाणे): मी एक्सेलमध्ये स्पर्धा ‘खेळवून’ पाहिली, पण काही ठिकाणी शक्यता उणे येते. काय चुकतंय?

बरोबरीचं प्रमाण सगळ्या डावांना एकच ठेवलं असणार. जिंकण्याची शक्यता म्हणजे अपेक्षित गुण वजा बरोबरीच्या शक्यतेचा अर्धा भाग. कारुआना विरुद्ध अबासोव घ्या. अपेक्षा ०.७३, बरोबरी ०.६० धरली तर कारुआनाचा विजय ०.४३, आणि अबासोवच्या वाट्याला उरतात उणे ०.०३. हीच ती उणे शक्यता. रेटिंगमध्ये अंतर वाढलं की बरोबऱ्या कमी होतात, हे सूत्रात यायला हवं. सोपा मार्ग असा: अपेक्षा गुणिले (१ वजा अपेक्षा) गुणिले ४, आणि त्याला ०.६०ने गुणा. समसमान खेळाडूंना ०.६०च मिळेल, आणि अबासोवच्या डावात बरोबरी ०.४७वर येईल. मग कारुआनाचा विजय ०.४९ आणि पराभव तीन-साडेतीन टक्के. पटण्यासारखे आकडे.

पूर्ण मांडणी अशी करा. एका पानावर ५६ ओळी, प्रत्येक ओळीत पांढरा आणि काळा खेळाडू. पांढऱ्याच्या रेटिंगमध्ये ३५ मिळवा. पहिल्या चालीचा फायदा साधारण तेवढाच असतो. त्यावरून विजय, बरोबरी, पराभव या तीन शक्यता काढा. मग रँड फंक्शनने प्रत्येक ओळीत एक यादृच्छिक आकडा पाडा. तो विजयाच्या शक्यतेपेक्षा लहान असेल तर पांढऱ्याला १, विजय आणि बरोबरी मिळून होणाऱ्या आकड्यापेक्षा लहान असेल तर दोघांना अर्धा, नाही तर काळ्याला १.

नेहमी होणाऱ्या तीन चुका सांगतो. एकाच डावात दोन खेळाडूंसाठी दोन वेगळे रँड वापरले जातात, मग दोघेही जिंकतात आणि एकूण गुण ५६ राहत नाहीत. दुसरी, शंभर वेळा खेळवून टक्के काढले जातात. शंभर फेरे म्हणजे काहीच नाही. २५ टक्क्यांचा आकडा चार टक्क्यांनी इकडेतिकडे हलतो. दहा हजार फेरे केले की हलणं अर्ध्या टक्क्याच्या आत येतं. एक्सेल त्यात धापा टाकेल, पायथनमध्ये पंधरा ओळींचं काम आहे. तिसरी चूक टायची. पहिल्या जागेसाठी दोघे बरोबरीत आले की यादीतल्या वरच्या नावाला विजेता धरलं जातं, आणि यादी रेटिंगप्रमाणे लावलेली असली की नकळत पहिल्याची टक्केवारी फुगते. टोरांटोच्या नियमांत टाय झाल्यास जलद डावांची लढत होती. तेव्हा जितके बरोबरीत तितक्यांत तो विजय समान वाटून टाका. जलद रेटिंगनुसार वाटलं तर आणखी चांगलं, पण फरक फार पडत नाही.

टोरांटोचे आकडे घालून पाहाल तेव्हा कारुआना तिशीच्या आसपास येईल, आणि गुकेश पाच ते दहा टक्क्यांच्या मध्ये कुठे तरी. कारुआनाचा आकडा पन्नासच्या पुढे गेला असेल तर सूत्र पुन्हा तपासा.

प्रश्न (सांगली): फॉर्मचं काय? रेटिंग जुनं असतं, खेळाडू आत्ता कसा खेळतोय ते महत्त्वाचं नाही का?

महत्त्वाचं आहे, पण तुम्हाला वाटतं त्याच्या पाचव्या हिश्शाइतकं.

नऊ फेऱ्यांच्या एका स्पर्धेतली कामगिरी घ्या. नऊ डावांचं प्रमाण विचलन जवळजवळ एक गुण असतं, म्हणजे साडेदहा टक्के. समसमान लढतीत एक टक्का म्हणजे सुमारे ७ रेटिंग गुण. गुणाकार केला तर ७५च्या आसपास. २७४० रेटिंगचा खेळाडू एका स्पर्धेत २८१५च्या तोडीचं खेळला, तर ती निव्वळ नशिबाची झुळूकही असू शकते. त्याचं स्वतःचं बळ वाढलंय असं त्या एका स्पर्धेवरून ठरत नाही.

म्हणून आमचा ठोकताळा असा. गेल्या तीनेक महिन्यांतल्या फक्त पारंपरिक, म्हणजे लांब वेळेच्या, डावांची कामगिरी काढा. रेटिंगशी तिचा फरक घ्या. फरकाचा पाचवा भाग रेटिंगमध्ये मिळवा किंवा वजा करा. २७४०चा खेळाडू २८२०च्या तोडीचं खेळला असेल तर १६ मिळवा, २७५६ धरा. जलद आणि अतिजलद डावांचे निकाल यात कालवू नका, तो निराळा खेळ आहे. जागतिक बुद्धिबळ संघटनेची, म्हणजे फिडेची, रेटिंग यादी दर महिन्याच्या १ तारखेला निघते, मधल्या स्पर्धा तीत नसतात. त्यासाठी प्रत्येक डावानंतर बदलणारं थेट रेटिंग पाहा आणि तेच सुरुवातीला घ्या.

एक अपवाद आम्ही जाणूनबुजून करतो. २४००च्या वर पोचलेल्या खेळाडूंचं रेटिंग हळू हलतं, कारण त्यांचा गुणक १० असतो, म्हणजे अपेक्षेहून जास्त मिळालेल्या प्रत्येक गुणामागे रेटिंग १०ने वाढतं. अपेक्षेपेक्षा पूर्ण दोन गुण जास्त मिळवूनही गुकेशच्या रेटिंगमध्ये सुमारे २० गुणच जमा झाले. झपाट्याने वाढणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचं रेटिंग त्यामुळे त्याच्या खऱ्या बळाच्या मागे रेंगाळत असतं. अशा खेळाडूला १० ते १५ गुण जास्तीचे द्यावेत. टोरांटोआधी जाणकारांपैकी फार थोड्यांनी गुकेशला संधी दिली होती. कार्लसनलाही तो जिंकेल असं वाटलं नव्हतं. १५ गुण जास्तीचे देऊनही तो पसंतीचा ठरला नसता, हेही खरं. पण पाच टक्के आणि नऊ टक्के यांत फरक असतो.

प्रश्न (नाशिक, आणखी एक वाचक): आमच्या विदितने नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं. मग तो इतका खाली कसा?

खाली म्हणजे किती खाली? विदितची रेटिंगवरून अपेक्षा होती ६.६ गुणांची, मिळाले ६. म्हणजे तो साधारण जिथे यायला हवा तिथेच आला. ग्रँड स्विस २०२३ जिंकून तो कँडिडेट्सला पोचला होता, त्यामुळे अपेक्षा उंचावल्या होत्या. पण आठांत सातव्या रेटिंगच्या खेळाडूने सहावा क्रमांक काढला, यात हळहळण्यासारखं काही नाही.

नाकामुराचा किस्सा भाकितापुरता फार बोलका आहे. दुसऱ्या फेरीत विदितने काळ्या मोहऱ्यांनी त्याला हरवलं, नवव्या फेरीत पांढऱ्या मोहऱ्यांनी. नाकामुराचे स्पर्धेतले पराभव एवढे दोनच. त्यातला एक डाव जरी बरोबरीत सुटला असता तरी नाकामुराचे ९ झाले असते आणि गुकेशबरोबर टाय झाला असता. सातव्या रेटिंगच्या खेळाडूने पहिल्या जागेचा निकाल फिरवला. म्हणून दावेदारांच्या आपसांतल्या डावांकडेच डोळे लावून बसू नका. स्पर्धा बरेचदा तळाच्या टेबलांवर ठरते. अबासोवकडून दोनांपैकी दोन कोण काढतो आणि दीडवर समाधान कोण मानतो, हा अर्धा गुण शेवटी फार महाग पडतो.

पूर्वीच्या आपसांतल्या निकालांना मात्र भाव देऊ नका. ‘अमक्याला तमका जड जातो’ हे ऐकायला छान, पण त्यामागे बहुधा चार-पाच पारंपरिक डाव असतात. पाच डावांतून काहीही सिद्ध होत नाही. विस डाव झाले असतील तर बोलू.

प्रश्न (मडगाव): २०२५चा विश्वचषक गोव्यात झाला तेव्हा आमचे सगळे अंदाज तिसऱ्याच फेरीपर्यंत कोसळले. बाद फेरीला हीच रीत चालते का?

रीत तीच, पण आकडे बघून डोळे पांढरे होतील. गोव्यात २०६ खेळाडू होते, आठ फेऱ्या. वरच्या मानांकितांना पहिली फेरी माफ, म्हणजे सात लढती जिंकायच्या. एखादा इतका बलाढ्य आहे की प्रत्येक लढत जिंकण्याची त्याची शक्यता ७५ टक्के आहे, असं धरा. सातही जिंकण्याची शक्यता ०.७५चा सातवा घात: १३ टक्के. ७० टक्के धरली तर ८. म्हणजे पहिल्या मानांकितावरही आठांत एकाहून जास्त भरवसा ठेवता येत नाही. विश्वविजेता गुकेश तिसऱ्या फेरीत फ्रेडरिक स्वानेकडून हरला, प्रज्ञानंद चौथ्या फेरीत बाहेर गेला, आणि शेवटी चषक उझबेकिस्तानच्या जावोखिर सिंदारोवने वेई यीला हरवून नेला.

दोन पारंपरिक डावांची लढत असली की बरोबरीनंतर जलद डाव येतात, तिथे जलद रेटिंग धरा. ही पायरी लोक विसरतात. जुलै २०२५मध्ये बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला तो पंधराव्या मानांकनावरून. अंतिम लढतीत कोनेरू हम्पीशी पारंपरिक दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल लागला जलद डावांत, दीड विरुद्ध अर्धा. बाद फेरीचं भाकीत एका नावाचं करूच नये. ‘पहिल्या आठ मानांकितांपैकी कोणी जिंकेल का?’ असा प्रश्न करा, त्यावर वाद घालण्यात अर्थ आहे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): थेट प्रक्षेपणात बाजूची संगणकाच्या मूल्यमापनाची पट्टी अधिक दीड (म्हणजे पांढरा दीड प्याद्यांइतका पुढे) दाखवते तेव्हा डाव जिंकला असं धरायचं का?

नाही. आधी घड्याळ बघा. टोरांटोत पहिल्या ४० चालींना १२० मिनिटं होती, आणि ४१व्या चालीपर्यंत प्रत्येक चालीमागे मिळणारे जादा सेकंद नव्हते. त्यामुळे ३२व्या चालीला अधिक दीड आणि हातात तीन मिनिटं, ही अवस्था अधिक अर्धा आणि चाळीस मिनिटं याहून वाईट असू शकते. पट्टी संगणकाची चाल गृहीत धरते; ती चाल माणसाला सापडेल की नाही, हे तिला ठाऊक नसतं. वजीर पटावर असतील आणि दोन्ही राजे उघडे पडले असतील तर पट्टीवर अजिबात विसंबू नका. हत्ती-प्यादांच्या अंतिम टप्प्यात थोडी जास्त विश्वासार्ह, पण तिथेही अधिक एक म्हणजे बरेचदा बरोबरी.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): शेवटच्या फेरीआधी गुकेश अर्ध्या गुणाने पुढे होता. त्या क्षणी त्याची शक्यता किती होती?

हा प्रश्न कागदावर सोडवायला सगळ्यात मजेदार, कारण दोनच डाव कामाचे उरले होते. तेरा फेऱ्यांनंतर गुकेश साडेआठ. नाकामुरा, नेपोम्नियाशी, कारुआना प्रत्येकी ८. जोड्या: नाकामुरा पांढऱ्याने विरुद्ध गुकेश, आणि कारुआना पांढऱ्याने विरुद्ध नेपोम्नियाशी.

गुकेश जिंकला तर साडेनऊ, विषय संपला. हरला तर नाकामुराचे ९, गुकेश बाहेर. बरोबरी झाली तर गुकेश ९. मग दुसरा डावही बरोबरीत सुटला तर तो एकटा पहिला, आणि त्या डावाचा निकाल लागला तर त्याचा विजेता ९वर येऊन टाय. गुकेश काळ्या मोहऱ्यांनी आणि कमी रेटिंगने खेळतोय, म्हणून त्याला विजय १५, बरोबरी ६०, पराभव २५ टक्के धरू. दुसऱ्या डावात बरोबरी ६० टक्के, टायमध्ये संधी निम्मी. मग ०.१५ अधिक ०.६० गुणिले (०.६० अधिक ०.४० गुणिले ०.५०), म्हणजे ०.६३.

पण थांबा. पाठलाग करणाऱ्या तिघांनाही बरोबरीचा काही उपयोग नव्हता, तिघांनाही जिंकायलाच हवं होतं. अशा फेरीत बरोबरीचं नेहमीचं प्रमाण लावणं हीच चूक. दोन्ही डावांत बरोबरी ५० टक्क्यांवर आणा, गुकेशला विजय २० आणि पराभव ३०. उत्तर येतं ०.५७५. म्हणजे साठच्या थोडं खाली किंवा थोडं वर. अर्ध्या गुणाची आघाडी ऐकायला भक्कम वाटते, तिची किंमत एवढीच. प्रत्यक्षात नाकामुरा-गुकेश बरोबरीत सुटला, आणि दुसऱ्या पटावर कारुआना जिंकायच्या स्थितीत होता. तो विजय हातून निसटला नसता तर टाय झाला असता.

मध्यावर भाकीत बदलतानाही हेच करा: मिळालेले गुण पक्के धरा, उरलेल्या डावांची अपेक्षा नव्याने काढा, आणि रंग मोजा. ज्याचे तगड्या प्रतिस्पर्ध्यांशी डाव पांढऱ्या मोहऱ्यांनी उरलेत, त्याला थोडं झुकतं माप. सात फेऱ्यांनंतर नेपोम्नियाशी साडेचार आणि नुकताच फिरुझाकडून हरलेला गुकेश ४ होता. ‘आता खचला’ असं तेव्हा बरेच जण म्हणाले. खचणं हा आकडा नाही. उरलेल्या सात डावांत अर्ध्या गुणाची तूट भरून काढणं हे मात्र सहज शक्य असतं.

प्रश्न (नाशिक, पहिलेच वाचक): मग डब्यातल्या चिठ्ठ्यांचं काय करायचं? नाव नको, टक्के लिहायचे, तर जिंकला कोण हे ठरवायचं कसं?

प्रत्येकाला आठही नावांपुढे टक्के लिहायला सांगा, बेरीज १००. निकाल लागला की विजेत्याला १, बाकी सगळ्यांना ०. प्रत्येक नावापुढचा फरक काढा, त्याचा वर्ग करा, आठही मिळवा. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकला. याला ब्रायर गुण म्हणतात.

टोरांटोवर तीन चिठ्ठ्या तपासू. पहिलीत कारुआना १००. त्याची बेरीज पूर्ण २, याहून वाईट काही असूच शकत नाही. दुसरीत विचारपूर्वक: कारुआना ३०, नाकामुरा २०, फिरुझा १२, नेपोम्नियाशी १२, प्रज्ञानंद १०, गुकेश ८, विदित ६, अबासोव २. बेरीज १.०२. तिसरीत एकाने कंटाळून सगळ्यांना साडेबारा-साडेबारा वाटून टाकले. त्याची बेरीज ०.८८, म्हणजे डबा त्याचा!

या निकालावरून कट्ट्यावर भांडण होणार, हे गृहीत धरा. समजावून सांगायचं ते इतकंच की एका स्पर्धेवरून भाकीत करणारा ओळखता येत नाही. गुण साठवत जा आणि निदान दहा स्पर्धांची सरासरी घ्या. तेवढ्यात साडेबारावाला मागे पडतो, कारण अबासोवला साडेबारा देण्याची किंमत तो दर वेळी मोजत असतो. पैज चहा-भज्यांचीच ठेवा, आणि चिठ्ठ्या पहिल्या फेरीची पहिली चाल होण्याआधी डब्यात पडल्या पाहिजेत, हा नियम कडक पाळा. दोन फेऱ्या बघून चिठ्ठी टाकणाऱ्याला बाकीच्यांपेक्षा बराच फायदा मिळतो, आणि असा एक जण प्रत्येक कट्ट्यावर असतोच.